एका इंचात मैलभर पाणी: अलास्काच्या टुंड्राचा नकाशा कसा झाला

टेशेकपुकचं टोपोशीट पहिल्यांदा पडद्यावर उघडलं, तेव्हा छपाईत काहीतरी राहून गेलंय असंच मला वाटलं. आपल्याला सवय सह्याद्रीच्या शीटांची. तिथे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या तपकिरी समोच्च रेषांची एवढी दाटी, की कड्यापाशी त्या एकमेकींना चिकटून जाड पट्टाच होतो. इथे तपकिरी रंग शोधावा लागतो. सगळा कागद निळ्या तळ्यांनी भरलेला. लांबट, अंड्याच्या आकाराची लहानमोठी शेकडो तळी, आणि त्यांतली बहुतेक एकाच दिशेला कललेली, जणू एकाच ठशानं उमटवलेली. मधल्या जागेत दलदलीची खूण म्हणून गवताचे बारीक निळे झुबके. रस्ता नाही, विहीर नाही, देऊळ नाही, शेताचा बांध नाही.

हा उत्तर अलास्काचा किनारी सपाट प्रदेश. ब्रूक्स पर्वतरांग उतरली की पायथ्याच्या टेकड्या लागतात, आणि त्या संपल्या की थेट आर्क्टिक महासागरापर्यंत झाडाचं एकही खोड नसलेला टुंड्रा. उटकियाग्विक हे इथलं मुख्य गाव, अमेरिकेतलं सर्वांत उत्तरेकडचं. २०१६ पर्यंत त्याचं अधिकृत नाव बॅरो होतं. गावाच्या आग्नेयेला टेशेकपुक सरोवर पसरलंय, सुमारे ८३० चौरस किलोमीटर. सगळी बृहन्मुंबई त्यात बुडेल आणि वर पाणी उरेल.

टोपोशीट म्हणजे उंचसखलपणाचा नकाशा. जिथे उंचसखलपणा जवळपास नाही, जिथे पाणी आणि जमीन यांची हद्द दर दशकाला सरकते, त्या प्रदेशाचं टोपोशीट कुणी काढलं, कसं काढलं, आणि त्यातल्या निळ्या रेषेवर किती विश्वास ठेवायचा, हे समजून घेण्यासारखं आहे. कारण ही सत्तर वर्षांपूर्वीची शीटं आज हवामान बदलाच्या अभ्यासात साक्षीला उभी केली जातात. साक्षीदाराला प्रश्न विचारायचे, तर आधी त्यानं काय पाहिलं होतं ते माहीत हवं.

एक ओळखीची गोष्ट आधी सांगतो. या शीटांचं प्रमाण १:६३,३६० आहे. एका मैलात ६३,३६० इंच असतात, म्हणजे कागदावरचा एक इंच जमिनीवरचा एक मैल. भारतीय सर्वेक्षण विभागाचे जुने ‘एक इंची’ नकाशे याच प्रमाणाचे होते. पुढे मेट्रिक पद्धत आली आणि आपली शीटं १:५०,००० ची झाली. उरलेल्या अमेरिकेत १:२४,००० चे नकाशे तयार होत असताना अलास्कासाठी मात्र एक इंचच धरला गेला. हिशोब करून पाहा: १:२४,००० चं प्रमाण घेतलं असतं तर एका शीटच्या जागी सात शीटं काढावी लागली असती, तीही जिथे जायला वाट नाही अशा मुलखाची.

पाऊस नाही, तरी चिखल

उटकियाग्विकला वर्षभराचा पाऊस आणि वितळलेलं हिम मिळून जेमतेम १०० ते १५० मिलिमीटर भरतं. जैसलमेरला याहून जास्त पाऊस पडतो. मग इथे वाळवंट न होता दलदल का?

कारण पाण्याला खाली जायला वाटच नाही. इथली जमीन कायमची गोठलेली आहे; तिला पर्माफ्रॉस्ट म्हणतात. खोली काही हातांची नाही, शेकडो मीटरची. पूर्वेला प्रुडो बेजवळ ती ६०० मीटरहून अधिक आहे. उन्हाळ्यात फक्त वरचा थर वितळतो, वीतभर ते हातभर. त्याखाली काँक्रीटसारखा टणक गोठलेला तळ. परातीत ओतलेलं पाणी जसं झिरपत नाही, तसं इथलं थोडंसं पाणीही वरच राहतं. थंडीमुळे त्याची वाफही फार होत नाही, आणि उतार इतका कमी की ते वाहूनही जात नाही.

आता या गोठलेल्या जमिनीच्या पोटातली गंमत. कडाक्याच्या थंडीत जमीन आकसते आणि तडकते, उन्हाळ्यात चिखलाच्या तळ्याला भेगा पडाव्यात तशी. या भेगा जेमतेम काही मिलिमीटर रुंद, पण मीटरभर किंवा त्याहून खोल. वसंतात वितळलेलं पाणी त्यांत उतरतं आणि गोठतं. पुढच्या हिवाळ्यात जमीन पुन्हा तिथेच तडकते, कारण तीच कमकुवत जागा. पुन्हा पाणी, पुन्हा बर्फ. शेकडो-हजारो वर्षांत जमिनीत वरून रुंद आणि खाली निमुळती अशी बर्फाची पाचर तयार होते. या पाचरींचं जाळं वरून पाहिलं तर सगळी जमीन बहुकोनी वाफ्यांत विभागलेली दिसते. प्रत्येक वाफा १०-२० मीटरचा, कडेला बांध, मधे पाणी. भाताची खाचरं पाहिलेल्या माणसाला हे चित्र पटकन कळेल, फक्त हे बांध कुणी घातलेले नाहीत.

कुठे एखाद्या ठिकाणी हा बर्फ वितळला की जमीन खचते. खळग्यात पाणी साठतं. पाणी उन्हाची ऊब धरतं, त्यानं आजूबाजूचा बर्फ आणखी वितळतो, खळगा वाढतो आणि त्याचं तळं होतं. वारा इथे मुख्यतः पूर्व-ईशान्येकडून वाहतो. त्यानं उठलेल्या लाटा आणि प्रवाह तळ्याच्या वाऱ्याला आडव्या असलेल्या दोन्ही टोकांना जास्त खोदतात, म्हणून तळी उत्तर-वायव्य ते दक्षिण-आग्नेय अशी लांबत जातात. निळ्या अंड्यांच्या एकसारख्या कलण्यामागचं हे आज सर्वसाधारणपणे मानलं जाणारं कारण. तळं वाढता वाढता एखाद्या नदीला, समुद्राला किंवा खालच्या तळ्याला भिडलं, किंवा बर्फाच्या पाचरीच्या रेषेत पाण्यानं वाट काढली, की ते रिकामं होतं. कधी काही दिवसांत. उरतो चिखलाचा तळ. त्यावर गवत उगवतं, जमीन पुन्हा गोठते, पुन्हा पाचरी वाढतात, आणि त्याच जागी नवं तळं जन्मू शकतं. या मैदानाचा मोठा भाग अशा रिकाम्या झालेल्या जुन्या तळ्यांच्या तळांनीच बनलेला आहे.

नकाशा काढणाऱ्यापुढे हे सगळं होतं, आणि सुरुवातीला त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं.

आधी किनारा, तोही तुकड्यातुकड्यानं

१८२६ साली ब्रिटिश आरमारानं अमेरिकेच्या उत्तर किनाऱ्याची रेषा दोन बाजूंनी पुरी करायचा बेत केला. जॉन फ्रँकलिन मॅकेंझी नदीच्या मुखाकडून पश्चिमेला निघाला. फ्रेडरिक बीची ‘ब्लॉसम’ जहाज घेऊन बेरिंगच्या सामुद्रधुनीतून वर आला. धुकं आणि बर्फ यांनी जेरीस आलेला फ्रँकलिन ऑगस्टमध्ये एका बेटापासून मागे फिरला. त्या जागेचं नाव त्यानं ‘रिटर्न रीफ’ ठेवलं. बीचीची एक लहान होडी थॉमस एल्सनच्या हाताखाली एका टोकापर्यंत पोचली. त्या टोकाला आरमाराच्या एका अधिकाऱ्यावरून ‘पॉइंट बॅरो’ असं नाव मिळालं. मधे सुमारे १६० मैल कोरे राहिले.

त्याच मोहिमेतली एक हकीकत मला या सगळ्या इतिहासात फार मोलाची वाटते. कोत्झेब्यू साउंड या खाडीच्या किनाऱ्यावर बीचीला भेटलेल्या तिथल्या लोकांनी वाळूवर त्याला नकाशा काढून दाखवला. आधी काठीनं किनारा आखला, अंतरं दिवसांच्या प्रवासानं मोजून. मग वाळू आणि दगडांचे उंचवटे करून डोंगर उभे केले. बेटांच्या जागी गोट्यांचे ढीग, तेही लहानमोठ्या प्रमाणात. म्हणजे प्रमाण होतं, उंची होती, खुणांची भाषा होती. टोपोग्राफीचे तीनही घटक. अलास्काच्या आर्क्टिकचा इतिहास लिहिताना ‘पहिला नकाशा’ म्हणून गोऱ्यांचे आराखडे दाखवले जातात, तेव्हा हा वाळूतला नकाशा आठवावा. तो कागदावर नव्हता एवढंच.

उरलेले १६० मैल १८३७ मध्ये फरचा व्यापार करणाऱ्या हडसन्स बे कंपनीच्या पीटर डीज आणि थॉमस सिम्पसन यांनी भरले. बर्फानं होड्या अडल्या, तेव्हा सिम्पसन पाच माणसं घेऊन पायी निघाला, आणि वाटेत इथल्या मूळ रहिवासी इन्युपियात लोकांकडून त्यानं उमियाक मागून घेतली. उमियाक म्हणजे लाकडी सांगाड्यावर कातडं ताणलेली, अगदी कमी पाण्यात चालणारी होडी. ४ ऑगस्टला तो पॉइंट बॅरोला पोचला. वाटेतल्या उपसागरांना आणि नद्यांना कंपनीच्या अधिकाऱ्यांची नावं पडली. कोलव्हिल ही इथली सर्वांत मोठी नदी, तिचं नावही त्यांतलंच.

पण हा किनारा समुद्रावरून पाहिलेला. आत काय आहे ते होडीतून दिसत नाही. दिसतो तो दोन-चार मीटरचा चिखल-बर्फाचा कडा आणि त्यावर आकाश.

एकटा राहून नऊ उन्हाळे

अर्नेस्ट लेफिंगवेल हा माणूस मला या कथेत सर्वांत जवळचा वाटतो. १९०६ साली तो एका आंग्ल-अमेरिकन मोहिमेबरोबर आला. त्यांचं ‘डचेस ऑफ बेडफर्ड’ हे जहाज फ्लॅक्समन बेटापाशी बर्फात अडकून निकामी झालं. मोहीम संपली, सोबती परतले. लेफिंगवेल जहाजाच्या लाकडांतून बांधलेल्या खोपटात मुक्काम करून राहिला. मधे जाऊन येऊन, पण १९१४ पर्यंत त्यानं नऊ उन्हाळे आणि सहा हिवाळे इथे काढले. कुत्र्यांच्या गाड्या आणि लहान होड्या यांतून त्यानं सुमारे ४,५०० मैल प्रवास केला. बहुतेक खर्च घरचा, मदत शेजारच्या इन्युपियात कुटुंबांची.

त्यानं फ्लॅक्समनच्या आसपासचा किनारा आणि कॅनिंग नदीचा प्रदेश त्रिभुजीकरण करून नकाशावर आणला. त्रिभुजीकरण म्हणजे आधी एक रेषा अचूक मोजायची, मग तिच्या दोन टोकांवरून तिसऱ्या खुणेचे कोन मोजायचे. कोन कळले की उरलेल्या बाजू गणितानं निघतात, आणि असे त्रिकोण एकाला एक जोडत पुढे जायचं. आपल्याकडे मद्रासपासून हिमालयापर्यंत याच रीतीनं देश मोजला गेला. डोंगराळ मुलखात ही रीत सोपी, कारण एका शिखरावरून दुसरं दिसतं. सपाट टुंड्रावर उभ्या माणसाला क्षितिज साडेचार-पाच किलोमीटरवर संपतं. त्यातही गार जमिनीवरच्या हवेत किरण वाकतात. नसलेले कडे दिसतात, असलेली खूण हवेत तरंगते. होकायंत्राचाही फारसा भरवसा नाही: चुंबकीय ध्रुव जवळ असल्यामुळे सुई खऱ्या उत्तरेपासून पूर्वेला चांगलीच ढळते, आणि ते ढळणं जागोजागी आणि वर्षागणिक वेगळं.

लेफिंगवेलचा नकाशा आणि अहवाल अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेनं १९१९ मध्ये छापला. पण त्याची दुसरी देणगी जास्त टिकली. बर्फाच्या पाचरी कशा तयार होतात, हे मी वर जे सांगितलं, ते त्यानंच आधी पद्धतशीरपणे मांडलं. किनाऱ्याच्या तुटलेल्या कड्यात त्याला या पाचरी उघड्या दिसत होत्या आणि हिवाळ्यात जमीन तडकल्याचे आवाज ऐकू येत होते. इतकी वर्षं त्याच जागी राहिला नसता, तर त्याला किनाऱ्याची रेषा मिळाली असती. ती रेषा का सरकते हे कळलं नसतं.

प्लेन टेबल आणि होडी

१९२३ साली राष्ट्राध्यक्ष हार्डिंग यांनी या मैदानाचा पश्चिम भाग आरमारासाठी तेलाचा राखीव प्रदेश म्हणून जाहीर केला. जहाजं कोळशावरून तेलावर येत होती, आणि केप सिम्पसनला जमिनीतून तेल पाझरतं हे इन्युपियात लोकांना पूर्वीपासून ठाऊक होतं. प्रदेश राखीव झाला, पण त्याचा नकाशाच नव्हता. १९२३ ते १९२६ या चार वर्षांत भूगर्भ सर्वेक्षणाच्या तुकड्या इथे फिरल्या. फिलिप स्मिथ, मर्टी यांच्यासारखे भूशास्त्रज्ञ आणि जेराल्ड फिट्झजेराल्ड यांच्यासारखे नकाशाकार.

त्यांचं हत्यार प्लेन टेबल. तिपाईवर सपाट पाट, पाटावर कागद, कागदावर दुर्बीण बसवलेली पट्टी. एका ठिकाणी पाट मांडायचा, दूरच्या खुणेकडे दुर्बीण धरून कागदावर किरणरेषा ओढायची. मग दुसऱ्या ठिकाणी जाऊन त्याच खुणेकडे पुन्हा. दोन रेषा जिथे छेदतात तिथे ती खूण. नकाशा जागेवरच, डोळ्यांदेखत तयार होत जातो.

इथे मोठी अडचण ऋतूंची होती, आणि ती मला सर्वांत बोलकी वाटते. हिवाळ्यात कुत्र्यांच्या गाडीनं कुठेही जाता येतं, पण सगळं पांढरं असतं. तळं कुठे संपलं आणि जमीन कुठे सुरू झाली ते पायाखालीही कळत नाही. उन्हाळ्यात तळ्याचा काठ स्वच्छ दिसतो, पण तिथवर जाता येत नाही. गवताचे डुगडुगणारे गोळे, मधे गुडघाभर गार पाणी, डासांचे ढग. जेव्हा चालता येतं तेव्हा दिसत नाही, आणि जेव्हा दिसतं तेव्हा चालता येत नाही. म्हणून हिवाळ्याच्या शेवटी गाड्यांवरून सामान आणि होड्या डोंगरापलीकडे न्यायच्या, आणि बर्फ फुटलं की नदीतून उतरायचं, असा त्यांचा क्रम होता.

त्यामुळे नकाशा तयार झाला तो नद्यांचा. नदीची वळणं, काठचे कडे, काठावरून दिसलेल्या टेकड्या. दोन नद्यांमधलं तळ्यांचं रान जवळपास कोरंच राहिलं. त्या काळचे नकाशे पाहताना ही कोरी जागा ‘काही नाही’ म्हणून वाचू नये. होडी तिथे गेली नव्हती, एवढाच तिचा अर्थ.

वरून पाहिलं तेव्हा

विमानानं हा पेच सोडवला. उन्हाळ्यात, चिखलात पाय न घालता, सगळं दिसू लागलं.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ट्रायमेट्रोगन नावाची पद्धत आली. विमानात तीन कॅमेरे: एक सरळ खाली पाहणारा, दोन डावी-उजवीकडे तिरके. तिघांची छायाचित्रं मिळून एका क्षितिजापासून दुसऱ्या क्षितिजापर्यंतचा पट्टा टिपला जायचा. ‘मेट्रोगन’ हे त्यातल्या रुंद कोनाच्या भिंगाचं नाव. १९२० च्या दशकात होडीतून इथे उतरलेल्या फिट्झजेराल्डचा या पद्धतीच्या जडणघडणीत मोठा वाटा होता. ज्याला दोन नद्यांमधली कोरी जागा सलली, त्यानंच ती भरायची युक्ती पुढे नेली, हे मला न्याय्य वाटतं. तिरक्या चित्रांतून वैमानिकांसाठी झटपट नकाशे झाले, पण दूरच्या गोष्टी त्यांत दबलेल्या दिसतात. तपशिलासाठी सरळ खाली पाहणारी छायाचित्रं हवीत. तशी १९४८-४९ मध्ये आरमारानं आणि नंतर १९५५ मध्ये सर्वेक्षणासाठी घेतली गेली. आज जी एक इंची शीटं आपण पाहतो, त्यांतल्या या किनाऱ्याच्या कितीतरी शीटांचा पाया १९५५ ची छायाचित्रं आहेत.

चपट्या छायाचित्रांतून उंची कशी मिळते? नाकासमोर बोट धरा आणि आळीपाळीनं एकेक डोळा मिटा. बोट मागच्या भिंतीच्या तुलनेत उडी मारतं. बोट जितकं जवळ, तितकी उडी मोठी. विमान पुढे जाताना एकाच जागेची दोन चित्रं दोन ठिकाणांहून घेतं. त्यांत उंच गोष्ट जास्त सरकते, सखल गोष्ट कमी. यंत्रात ही दोन चित्रं एकेका डोळ्याला एकेक दाखवली की जमीन उठून दिसते. चालक प्रकाशाचा एक ठिपका त्या दिसणाऱ्या जमिनीला टेकवतो, ठरावीक उंचीवर ठेवून फिरवत नेतो, आणि पेन्सिल कागदावर समोच्च रेषा ओढते.

पण या प्रदेशात ठिपका टेकवायला आधार नव्हता. तळ्याचं पाणी गुळगुळीत. दोन्ही चित्रांत जुळवायला त्यावर काही खूणच नाही. त्यातून जमीन इतकी सपाट, की दर २५ फुटांना एक रेषा धरली तरी मैलोन् मैल एकही रेषा पडणार नाही. आणि सगळी उंची ज्या मोजक्या खांबांवरून बांधायची, ते खांबही इथे स्थिर राहत नाहीत. गोठताना फुगणारी जमीन त्यांना दरवर्षी थोडं थोडं वर ढकलते. आपल्याकडे पुलाच्या कठड्यावर कोरलेली तलचिन्हाची, म्हणजे उंची मोजायच्या आधाराची, खूण पिढ्यान् पिढ्या जागची हलत नाही. इथे खांबच हलतो.

म्हणून या शीटांत उंचीपेक्षा पाण्याचीच रेषा जास्त बोलते. आणि ती ओढताना कार्यालयात बसलेल्या माणसाला निर्णय घ्यावे लागले. जूनच्या सुरुवातीला वितळलेलं पाणी सगळीकडे पसरलेलं असतं, ऑगस्टपर्यंत ओसरतं. मोठ्या सरोवरांवर जुलैतही बर्फ तरंगतं. मग तळ्याचा काठ कोणता? ज्या दिवशी विमान वरून गेलं त्या दिवसाचा. ते बहुकोनी वाफे तर दाखवणं शक्यच नव्हतं: १५ मीटरचा वाफा या प्रमाणात पाव मिलिमीटरही भरत नाही. त्यांच्या जागी गवताचे निळे झुबके आले. आपण ज्याला ‘दलदल’ म्हणून वाचतो, त्या एका खुणेखाली हजारो बांध, चर आणि डबकी झाकलेली आहेत.

नावांचंही तसंच. टेशेकपुक हे इन्युपियात लोकांच्या इन्युपियाक भाषेतल्या शब्दाचं इंग्रजी कानांनी ऐकलेलं रूप. मूळ अर्थ मोठं सरोवर. पॉइंट बॅरोला तिथले लोक नुवुक म्हणतात, म्हणजे नुसतं ‘टोक’. ज्यांनी या रानात पिढ्यान् पिढ्या शिकार केली, मासे धरले, त्यांची कितीतरी नावं एक इंचाच्या शीटात मावली नाहीत, आणि कितीतरी विचारलीच गेली नाहीत.

जुनं शीट, नवं काम

आता साक्षीचा भाग. अमेरिकेच्या नकाशांसाठी १९४७ पासून एक कसोटी आहे. लहान प्रमाणाच्या नकाशावर तपासलेल्या स्पष्ट बिंदूंपैकी ९० टक्के बिंदू आपल्या खऱ्या जागेपासून इंचाच्या पन्नासाव्या भागापेक्षा जास्त चुकलेले नसावेत. एक इंची शीटावर हे जमिनीवरचे सुमारे ३२ मीटर होतात. म्हणजे आजचा किनारा शीटावरच्या किनाऱ्यापासून २० मीटर आत दिसला, तर तो सरकला असं म्हणता येत नाही. नकाशाचीच चूक तेवढी असू शकते.

आणि एक फसगत टाळायला हवी. जुनी शीटं जागा मोजण्याच्या १९२७ च्या आधारपद्धतीवर बांधलेली आहेत, तिचा मूळ बिंदू दूर कॅन्ससमधल्या मीड्स रँचला. उपग्रहाची चित्रं वेगळ्या, पृथ्वीच्या मध्याला धरून असलेल्या पद्धतीवर असतात. दोन्ही तशीच एकावर एक ठेवली तर अलास्कात सगळं चित्र शंभर मीटरच्या आसपास सरकलेलं दिसू शकतं. आधी ते रूपांतर करायचं, मगच तुलना.

एवढी काळजी घेऊनही जे उरतं, ते मोठं आहे. ड्रू पॉइंट ते केप हॅल्केट या सुमारे ६० किलोमीटरच्या किनाऱ्याचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. १९५५ ते १९७९ या काळात किनारा सरासरी वर्षाला ६.८ मीटर मागे हटत होता. १९७९ ते २००२ मध्ये ८.७ मीटर, आणि २००२ ते २००७ मध्ये १३.६ मीटर. पहिल्याच वेगानं पाहिलं, तरी शीटाची ३२ मीटरची मुभा पाच वर्षांत संपते. सगळी बेरीज केली तर ५२ वर्षांत सरासरी ४३० मीटर जमीन गेली. शीटावर ते जवळपास सात मिलिमीटर होतात; साध्या पट्टीनं मोजता येतील इतके.

कारण पुन्हा तीच पाचर. समुद्रावरचं बर्फ आता उन्हाळ्यात दूर जातं आणि जास्त दिवस दूर राहतं. मोकळ्या पाण्यावर लाटा वाढतात, कोमट पाणी कड्याच्या पायथ्याला खोबण करतं, आणि वरचा अख्खा ठोकळा बर्फाच्या पाचरीच्या रेषेत तुटून समुद्रात कोसळतो. १९७० च्या दशकाच्या शेवटी या किनाऱ्याजवळ खोदलेली जे. डब्ल्यू. डाल्टन ही तेलाची चाचणी विहीर २००५ मध्ये घाईनं बुजवावी लागली, कारण समुद्र तिच्यापाशी येऊन ठेपला होता.

तळ्यांचंही तसंच. या मैदानाच्या पश्चिम भागात १९७५ ते २००० या साधारण पाव शतकात ५० तळी पूर्ण किंवा अंशतः रिकामी झाल्याचं उपग्रहाच्या चित्रांवरून मोजलं गेलं. १९५५ चं शीट उघडून त्या जागी पाहिलं, तर तिथे अजून निळं अंडं आहे. ते चुकीचं नाही. त्या वर्षी तिथे पाणी होतं.

२०१० च्या दशकात सगळ्या अलास्काची उंची विमानातल्या रडारनं नव्यानं मोजली गेली, आणि त्यावरून १:२५,००० चे नवे नकाशे निघाले. रडारला ढगांचा अडथळा नाही, उजेड लागत नाही. जिथे २५ फुटांची रेषा पडत नव्हती, तिथे आता रिकाम्या तळ्यांचे उथळ तळही उठून दिसतात. तळ्यांच्या पृष्ठभागाची अडचण मात्र तशीच आहे: रडारलाही पाण्यावरून नीट उंची मिळत नाही, म्हणून संगणकात प्रत्येक तळं एका पातळीवर सपाट करून घ्यावं लागतं, आणि काठ ठरवावाच लागतो.

जुनी शीटं अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षणाच्या संकेतस्थळावर फुकट उतरवता येतात. टेशेकपुक नावाचं शीट घ्या आणि आधी खालच्या समासात पाहा. तिथे बारीक अक्षरांत नकाशा छापल्याचं साल वेगळं आणि हवाई छायाचित्रं घेतल्याचं साल वेगळं लिहिलेलं असतं. दुसरं साल शोधा. मग शेजारच्या खिडकीत त्याच जागेचं आजचं उपग्रहचित्र उघडून ड्रू पॉइंटच्या किनाऱ्यालगतच्या तळ्यांवर या. शीटावर समुद्र आणि तळं यांच्या मधे जमिनीची पट्टी असलेलं एखादं निळं अंडं निवडा, आणि चित्रात ती पट्टी शोधा.